वगळलेला आवाज

पोलीस निरीक्षक घरत आले तेव्हा आई पडवीत केळफुलं सोलत बसली होती. चीक लागू नये म्हणून तिने हातांना खोबरेल चोपडलं होतं, त्यामुळे ती उठून खुर्ची देऊ शकली नाही. मी दिली.

"मावशी, एक आवाज ऐकवायचाय," ते म्हणाले. "ओळखीचा वाटतो का बघा."

त्यांनी फोन मांडीवर ठेवला. आधी लाकूड करकरल्यासारखी खरखर ऐकू आली, मग आईचा आवाज. दमलेला, हळू, पण तिचाच.

'मी त्यांना मारलं, फादर.'

घरतांनी तिथेच थांबवलं. आईने हातातलं फूल परातीत ठेवलं.

"हे देवळातलं आहे," ती म्हणाली. वसईच्या आमच्या पट्ट्यात चर्चला देऊळच म्हणतात. "पापनिवेदनाच्या वेळचं. तिथे फादर होते आणि मी होते. तुम्ही कुठे होतात?"

"मी नव्हतो, मावशी. यंत्र होतं."

"कोणाचं यंत्र?"

घरतांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना खरंच अवघडल्यासारखं झालं असावं, कारण त्यांनी उत्तर देताना आवाज खाली आणला. "मॅडमचं."

आई माझ्याकडे बघत राहिली. घरत पुढे बरंच काही बोलले. इनास रुमाव, म्हणजे माझे वडील, दोन वर्षांपूर्वी घरीच गेले, तेव्हा शवविच्छेदन झालं नव्हतं. आता चौकशी उघडावी लागेल. मावशींनी गाव सोडू नये. आई मध्येच म्हणाली, "गाव सोडून मी कुठे जाणार, केळी कोण बघणार?" आणि घरत हसले. मग हसल्याबद्दल त्यांनी माफी मागितली.

ते गेल्यावर आईने एकच प्रश्न विचारला. "बाकीचं तू ऐकलंस?"

"नाही."

"शपथ नको घेऊस. नुसतं सांग."

"नाही ऐकलं, आई."

तिने परात उचलली आणि आत गेली. त्यानंतर कित्येक दिवस ती माझ्याशी जेवण वाढण्यापुरतंच बोलली.

यंत्र माझं होतं हे खरं आहे, म्हणून ते काय करतं हे नीट सांगायला हवं.

समुद्र चढू लागल्यापासून आमच्या गावच्या, केळबंदरच्या, देवळाच्या पायात खारं पाणी शिरतं. भिंती हलतात, भिंतींवरचं सागवानी छप्पर वाकतं. किनाऱ्यावरच्या अशा जुन्या इमारतींवर लक्ष ठेवणाऱ्या केंद्रात मी काम करते. आम्ही तुळयांना आणि भिंतींना केसाएवढा बारीक काचेचा तंतू चिकटवतो आणि त्यात लेझरचा प्रकाश सोडतो. काच कितीही शुद्ध असली तरी तिच्यात सूक्ष्म विषमता असतात. त्यांच्यावरून थोडा प्रकाश मागे परततो. तंतू कुठे अणूच्या जाडीइतका जरी ताणला गेला तरी तिथून परतणाऱ्या प्रकाशाची कला बदलते, म्हणजे लाटेचे चढउतार जागचे सरकतात. प्रकाश परतायला किती वेळ लागला यावरून ताण कुठे पडला ते कळतं. थोडक्यात, तंतूचा प्रत्येक मीटर एक स्वतंत्र कान होतो.

भिंत वाकते आहे का, एवढंच बघायचं तर हा कान मंद असला तरी चालतो. पण शेजारच्या गावातल्या चॅपेलचं छप्पर कोणतीही सूचना न देता खाली आलं. नशीब, आत कोणी नव्हतं. लाकूड मोडण्याच्या बरंच आधी आतून तडकायला लागतं आणि ते तडकणं ऐकायचं तर कान तीक्ष्ण करावा लागतो. आम्ही तो केला. अडचण एवढीच की सागाचं तडकणं आणि माणसाचं बोलणं एकाच पट्टीत येतं. पापनिवेदनाची, म्हणजे फादरना आपली पापं सांगायची, लाकडी चौकट नेमकी सर्वांत कमकुवत भिंतीला टेकून आहे. तिची मागची फळी ढोलाच्या चामड्यासारखी थरथरते आणि ती थरथर भिंतीतून तंतूत उतरते.

हे मला माहीत होतं. म्हणून बोलणं वगळणारी गाळणी मी स्वतः लिहिली. आता कोणतीही गोष्ट वगळायची तर आधी ती वेगळी काढावी लागते. गाळणी जितकी चांगली, तितका बाजूला पडलेला आवाज स्वच्छ. त्यात चुकून लाकडाचा आवाज गेलेला नाही ना, हे तपासण्यासाठी यंत्र तो आठवडाभर ठेवत असे आणि मग आपोआप पुसत असे. शब्द कोणी ऐकत नव्हतं, फक्त कंपनांचे आलेख तपासले जात. आम्ही त्याला कचरा म्हणायचो.

केंद्राने कचरा पुसणं बंद केलं होतं. मला न सांगता.

केंद्राचे संचालक डॉ. मंदार केळुसकर माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठे. मी त्यांच्या दारात उभी राहिले तेव्हा ते चहात बिस्किट बुडवत होते.

"ये. तू चिडली आहेस."

"हो."

"बस तरी. चिडून उभं राहिल्याने विज्ञान पुढे जात नाही."

मी बसले नाही. "कचऱ्यात शब्द शोधणारा प्रोग्रॅम कोणी जोडला?"

"गृहखात्याची विनंती होती. मारलं, जाळलं, बुडवलं असे शब्द आले की सूचना जाते. बाजारात, स्टेशनात आपले तंतू आहेतच. तिथे दोन घातपात टळलेत, ते तुला कोणी सांगितलं नाही वाटतं."

"देवळातला आवाज यातून का वगळला नाहीत?"

"देवळातला काढायचा, मग देवस्थानातला, मशिदीतला. मग वकील म्हणतील आमच्या कचेरीतला काढा. कुठे थांबणार?"

"तिथेच थांबायचं होतं."

"प्रिस्का, कोणी खून कबूल केला आणि तो पुरावा आपल्याकडे असला तर..."

"तो आपल्याकडे नव्हता. आपण तो चोरला."

"शब्द जपून वापर."

"जपूनच वापरलाय, सर."

त्यांनी कप खाली ठेवला. तुटलेलं बिस्किट चहात तरंगत होतं, ते चमच्याने काढत ते म्हणाले की न्यायालयात मला साक्ष द्यावी लागेल. गाळणी माझी, त्यामुळे आवाज अस्सल आहे असं मी प्रमाणित केल्याशिवाय तो टिकणार नाही. आई असली म्हणून शास्त्रज्ञ खोटं बोलत नाही, याची त्यांना खात्री होती. मग त्यांचा सूर मवाळ झाला.

"संपूर्ण आवाज तुझ्या खात्यावर ठेवलाय. पोलिसांकडे फक्त एक वाक्य आहे, बाकीचं अजून कोणी ऐकलेलं नाही. तू ऐक. तुलाही कळायला नको का, वडील कसे गेले?"

या माणसाला माझी नेमकी दुखरी जागा ठाऊक होती, आणि त्याचाच मला सर्वांत जास्त राग आला. बाबांना पक्षाघात झाल्यावर तीन वर्षं ते अंथरुणाला खिळून होते. ते गेले तेव्हा मी नॉर्वेत एका प्रयोगशाळेत होते. पोहोचले तेव्हा त्यांना मातीही देऊन झाली होती. आई एवढंच म्हणाली होती, "दुपारी गेले." मी पुढे काही विचारलं नाही, तिने काही सांगितलं नाही.

मी जागेवर येऊन बसले. पडद्यावर आवाजाचं चिन्ह होतं. त्याला हात लावला असता तर दोन वर्षं डोक्यात घोळणारा प्रश्न त्या संध्याकाळी सुटला असता. मी संगणक बंद केला आणि देवळाकडे निघाले.

फादर बेनेट दोडती देवळात नव्हते. मागच्या केळीच्या वाडीत, पाण्याच्या पंपाशेजारी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले होते. समोर दुसरी खुर्ची रिकामी होती, आणि थोड्या अंतरावर तीन बायका आणि एक म्हातारे गृहस्थ रांगेत. पंप एवढा धडधडत होता की दोन हातांवरचं बोलणं ऐकू येत नव्हतं.

मला बघून त्यांनी रांगेला हाताने थांबण्याची खूण केली आणि उठून माझ्याकडे आले. "तुझ्या यंत्रावर आमचा उतारा. पाच अश्वशक्तीचा." मग पुढे म्हणाले, "एकच अडचण आहे. वीज जाते आणि पाप अर्ध्यावर राहतं. काल एक जण 'फादर, मी शेजारणीच्या' म्हणाला आणि पंप बंद पडला. सगळी रांग कान टवकारून."

मला हसू आलं नाही.

"फादर, आईने बाबांना मारलं का?"

ते केळीच्या पानांकडे बघू लागले. "यंदा करपा कमी आहे," ते म्हणाले.

"मला तपशील नकोत. ती निर्दोष असेल तर 'नाही' एवढं म्हणा. नुसती मान हलवा."

"लोंगर पण बरे धरलेत."

"फादर, तिला पकडतील. सत्तरीची बाई आहे. तुमच्या एका शब्दाने सुटेल, आणि तुम्ही मला केळी सांगताय."

तेव्हा कुठे त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचेही डोळे रागावलेले होते, हे मला तेव्हाच दिसलं. "ती माझ्याकडे आली होती की नाही, हेसुद्धा मी सांगणार नाही. पण तुला गणित कळतं म्हणून एक गोष्ट सांगतो, कोणाचीही नाही, सगळ्यांची. समज, आज मी एकासाठी 'नाही' म्हणालो. उद्या दुसऱ्यासाठी मला विचारतील आणि मी गप्प राहीन. त्या गप्प राहण्याचा अर्थ काय होईल?"

 उत्तर उघड होतं. एकदा 'नाही' उच्चारलं की पुढचं प्रत्येक मौन 'हो' होतं.

"तुमचं गणित बरोबर आहे," मी म्हणाले. "आणि मला त्याची चीड येते."

"मला पण येते. पंचवीस वर्षं येते." त्यांनी खिशातून रुमाल काढून मान पुसली. "पोलीस मला म्हणाले, वकिलाला गप्प राहायची मुभा कायद्यात आहे, तुम्हाला नाही. मी म्हणालो, मग न्या मला. तर म्हणतात, तुमचा उपयोग काय, आमच्याकडे यंत्र आहे. अपमान केला माझा." रुमाल परत खिशात ठेवत ते म्हणाले, "तू ऐकलंस?"

"आईनेही हेच विचारलं. नाही."

"आमच्या नियमात एक कलम आहे. पापनिवेदन करणाऱ्याची भाषा फादरला येत नसेल तर दुभाषी घेता येतो. तो दुभाषी गुपिताला बांधलेला. आणि ज्याच्या कानावर चुकून, कशाही मार्गाने ते पडलं, तो सुद्धा. माझं ठीक आहे, मी सेमिनरीत इतकी वर्षं त्यासाठी घालवली. तू ऐकलंस तर तुला कोणी न विचारता हे ओझं तुझ्या डोक्यावर बसेल. ते उतरवता येत नाही. म्हणून विचारलं."

मागून रांगेतली एक बाई ओरडली, "फादर, वीज जायच्या आत घ्या ओ, माझी दोनच आहेत."

सुनावणीला आई तिच्या लग्नातली नाही पण त्यानंतरची चांगली साडी नेसून आली आणि मागच्या बाकावर बसली. दंडाधिकारी बाई साठीच्या आसपासच्या, स्वच्छ प्रश्न विचारणाऱ्या. एरवी मला त्या आवडल्या असत्या.

मी शपथेवर खरं तेच सांगितलं. आवाज तिथलाच आहे. बोलणारी स्त्री माझी आई आहे. पण शब्द पूर्ण अस्सल नाहीत. लाकूड भरीव स्वर नेतं. ह, स, फ असे श्वासाचे आवाज वाटेतच विरतात, आणि पुटपुटलेल्या वाक्याची शेपटीही. त्या रिकाम्या जागा भरायला केंद्राने दुसरा प्रोग्रॅम जोडला आहे. तो आजूबाजूचे शब्द पाहून अंदाज करतो आणि अंदाज बोलणाऱ्याच्याच आवाजात घालतो. ऐकणाऱ्याला सांधा कळत नाही.

"म्हणजे वाक्य वेगळं असू शकतं?"

"असू शकतं."

"उदाहरण द्या."

मी तयारी करून आले होते. "मूळ वाक्य 'मी त्यांना हाक मारली नाही' असं असू शकेल. 'हाक'चा ह आणि क दोन्ही दुबळे, मधला आ 'त्यांना'त मिसळतो. शेवटचं 'ली नाही' हळू बोललं गेलं तर उरतं 'मी त्यांना', मग पोकळी, आणि 'मार'. प्रोग्रॅम त्याचं 'मारलं' करेल. मराठीत मारणं हे क्रियापद शंभर ठिकाणी लागतं. त्यातलं सर्वांत भयंकर त्याने उचललं, कारण तेच शोधायला त्याला बसवलंय."

न्यायालयात कुजबुज झाली. घरतांनी चक्क सुटकेचा श्वास सोडला. मी मागे पाहिलं. आईचा चेहरा दगडासारखा झाला होता.

दंडाधिकारी बाईंनी चष्मा काढला. "जोडलेला भाग काढून मूळ आवाज तुम्ही ऐकू शकता?"

"हो."

"प्रशिक्षित कानाला फरक कळेल?"

"बहुतेक कळेल."

"मग प्रश्नच मिटला. इथे हेडफोन आहे. ऐका आणि सांगा."

मी म्हणाले, "ऐकणार नाही."

"तुमच्या आईच्या हिताचं असेल तरी?"

"ते हिताचं आहे की नाही हे ऐकल्याशिवाय कळणार नाही, आणि ऐकायचा अधिकार मला नाही. तुम्हालाही नाही, बाईसाहेब. मी आज ऐकलं तर पद्धत ठरेल. आधी यंत्र ऐकणार, मग ते बरोबर ऐकलं का हे बघायला माणूस ऐकणार, मग त्या माणसावर भरवसा नाही म्हणून आणखी एक. लाकूड तडकतं का बघायला मी तो तंतू चिकटवला. लोक तिथे गुडघे टेकून जे बोलतात, ते या केंद्राने कचऱ्यातून उचललं. मी त्यावर माझ्या कानाचा शिक्का मारणार नाही."

माझा आवाज चढला नव्हता. तसा तो कधीच चढत नाही. 

न्यायालयाचा अवमान केल्याबद्दल मला नोटीस मिळाली. आवाज पुरावा म्हणून तूर्त नाकारला गेला, दुसरा तज्ज्ञ मिळेपर्यंत. त्याच संध्याकाळी मी देवळातला तंतू माझ्या हाताने सोडवला. फादर शिडी धरून उभे होते. आता छप्पर तडकलं तर आधी कळणार नाही, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं. ते म्हणाले, "पडलं तर बांधू. आधीही दोनदा बांधलंय." केळुसकरांचा निलंबनाचा आदेश मला शिडीवर असतानाच फोनवर आला.

घरी आले तेव्हा मला वाटलं होतं की आई निदान चहा विचारेल. ती दारातच उभी होती.

"हाक मारली नाही," ती म्हणाली. "कुठून आणलंस?"

"आई, ते उदाहरण होतं. त्यामुळे तू..."

"माझ्या तोंडात घातलंस. भरलेल्या कोर्टात. त्या यंत्राने एक वाक्य बनवलं, तू दुसरं बनवलंस. त्याने वाईट बनवलं, तू चांगलं बनवलंस, एवढाच फरक. माझं कुठे गेलं?"



"त्या दिवशी फादरना काय बोलायचं याची जुळवाजुळव मी दोन वर्षं केली, बाय. एकेक शब्द. रात्री उठून बसायचे. ते बोलले, देवाने ऐकलं, संपलं. आता गावात अर्धे म्हणतात लुर्डीनने नवऱ्याला मारलं, आणि उद्यापासून उरलेले म्हणतील, बिचारीने हाक मारली नाही. मी काय केलं ते मला माहीत आहे. मला कोणी सोडवायला सांगितलं होतं?"

"मी ऐकलं नाही, आई. समोर हेडफोन होता तरी नाही ऐकलं."

"ते बघितलं मी. तेवढं एक बरं केलंस." ती खुर्चीवर बसली. पदराचं टोक तिने बोटाला गुंडाळलं. "ऐकायचं होतं ना तुला?"

"हो."

"मग विचारलं का नाहीस? दोन वर्षं एकाच घरात आहोत. भिंतीचं ऐकायला काच लावलीस. माझ्या समोर बसून 'आई, काय झालं त्या दुपारी' एवढं तोंडातून निघालं नाही तुझ्या."

ते खरं होतं, आणि त्याच्यावर रागवायला समोर दुसरं कोणी नव्हतं. मी तिच्यासमोरची खुर्ची ओढून बसले.

"आई, काय झालं त्या दुपारी?"

तिने सांगितलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत, तिच्या शब्दांत, तिच्या क्रमाने. मध्ये दोनदा थांबली. मी कुठलीही रिकामी जागा भरली नाही.

हे पापनिवेदन नव्हतं. आईने लेकीला सांगितलेली गोष्ट होती, तिला चर्चचा कोणताही नियम लागू होत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी निरीक्षक घरत पुन्हा आले. नव्या तज्ज्ञाचं नाव ठरायचं होतं, तोवर सहज चौकशी, असं म्हणाले. आई वाडीत गेली होती. ते दारातच थांबले, आत बघत.

"मावशी काही बोलल्या का तुमच्याशी, या विषयावर?"

खोटं बोलणं मला जमत नाही. "बोलली," मी म्हणाले.

त्यांनी लगेच खिशातला फोन काढला. "म्हणजे तुम्हाला आता माहीत आहे."

"हो. सगळं माहीत आहे."

"मग सांगा, मॅडम. त्यांच्याच भल्याचं असेल तर इथेच मिटवून टाकू. वाईट नाहीये ना काही? नाही एवढं म्हणा फक्त, मी जातो."

उन्हात त्यांच्या कपाळावर घाम आला होता. माणूस वाईट नव्हता. मी त्यांच्याकडे नीट पाहिलं, आणि दार लावून घेतलं.